मेजर बदलू पाहणाऱ्या मिडशिपमनविषयी : नौदलाच्या शिष्यवृत्ती अधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
नेव्हल आरओटीसी शिष्यवृत्तीचे धोरण ठरवणारे अधिकारी,
अमेरिकेचे नौदल

महोदय, महोदया,

मी न्यू जर्सीतील एडिसन येथे २२ वर्षे राहणारी, मूळची अलिबागची बाई असून आपल्या शिष्यवृत्तीवर तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मिडशिपमनची, म्हणजे नौदलाचा अधिकारी होण्यासाठी शिकणाऱ्या छात्राची, आई आहे. यंत्र अभियांत्रिकी सोडून इतिहास हा मुख्य विषय (येथल्या भाषेत ‘मेजर’) घेण्याची परवानगी माझ्या मुलीने दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मागितली. पाच महिन्यांनी, मार्चमध्ये, तिला व्हरांड्यात उभे करून दोन मिनिटांत तोंडी नकार देण्यात आला. तो निर्णय फिरवावा अशी विनंती मी येथे करत नाही. मुलीने आता अभियांत्रिकीच पुरी करायचे ठरवले आहे आणि ती ती पुरी करेल. ती ज्या विद्यापीठात शिकते त्याचे किंवा तेथील तुकडीचे नावही मी लिहिणार नाही, कारण तेथील अधिकारी सज्जन आहेत आणि माझे भांडण त्यांच्याशी नसून ते ज्या नियमाने बांधलेले आहेत त्या नियमाशी आहे. हे पत्र मुलीने आधी वाचले असून त्यातील दोन वाक्ये तिने खोडली आहेत.

पत्र मराठीत लिहिण्याचे कारण सांगायला हवे. याची इंग्रजी प्रत आपल्याकडे रवाना झालेली आहे. परंतु या देशात जन्मलेली आमची मुले आता मोठ्या उमेदीने गणवेशाकडे वळू लागली आहेत आणि त्यांच्या करारावर आई-बाप म्हणून सही करणाऱ्या माझ्यासारख्यांना, आपण कशावर सही करतो आहोत, हे कोणी आपल्या भाषेत सांगितलेले नसते. तेव्हा आपल्याला लिहिताना त्यांनाही सांगावे, असा माझा दुहेरी हेतू आहे.

त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आरओटीसी हे ‘राखीव अधिकारी प्रशिक्षण दल’ याचे इंग्रजी लघुरूप. आरओटीसी म्हणजे एनडीएसारखेच का, असे मला भारतातले नातेवाईक हमखास विचारतात. तसे ते नाही. खडकवासल्याचा छात्र प्रबोधिनीत राहतो, तेथेच शिकतो आणि पदवी जेएनयूची घेतो. आरओटीसीचा विद्यार्थी मात्र साध्या विद्यापीठात इतरांबरोबर शिकतो, पहाटे कवायत आणि व्यायाम करतो, नौकानयन व नेतृत्वाचे तास घेतो, उन्हाळ्यात जहाजावर जातो आणि पदवीबरोबर अधिकारी म्हणून नेमला जातो. ही व्यवस्था १९१६ च्या कायद्याने उभी राहिली. नौदलाच्या पहिल्या सहा तुकड्या १९२६ मध्ये निघाल्या, त्यांतली बर्कलेची तुकडी पुढे ॲडमिरल झालेल्या चेस्टर निमिट्झ यांनी उभारली. १९४६ च्या हॉलोवे योजनेपासून नौदल या मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलू लागले. शिष्यवृत्तीत पूर्ण फी मिळते, पुस्तके व गणवेश मिळतात आणि पहिल्या वर्षी महिना २५० डॉलरपासून वाढत जाणारा हातखर्च मिळतो. त्याच्या बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षे सक्रिय सेवा करायची असते आणि एकंदर बांधिलकी आठ वर्षांची असते. हा सौदा न्याय्य आहे. त्याविषयी माझी एका अक्षराचीही तक्रार नाही.

तक्रार पुढे सुरू होते. नौदलाने विद्यापीठांतले विषय तीन श्रेणींत वाटले आहेत. पहिल्या श्रेणीत अभियांत्रिकीच्या शाखा येतात, दुसऱ्या श्रेणीत गणित, भौतिकी, रसायन, संगणक असे शास्त्रविषय आणि तिसऱ्या श्रेणीत उरलेले सगळे. नौदल-पर्यायाच्या, म्हणजे मरीन या सागरी पायदळात न जाता नौदलात जाणाऱ्या मुलांच्या, किमान ८५ टक्के शिष्यवृत्त्या पहिल्या दोन श्रेणींना द्यायच्या, असे आपले गेल्या अनेक वर्षांचे धोरण आहे. ज्या श्रेणीवर शिष्यवृत्ती मिळाली, त्या श्रेणीतच विषय बदलायचा असेल तर तो स्थानिक पातळीवर बदलता येतो. खालच्या श्रेणीत जायचे असेल तर वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते, आणि ती न घेता गेल्यास शिष्यवृत्ती जाते. लष्कराच्या आरओटीसीत नर्सिंगसारखे अपवाद सोडल्यास विषयाची इतकी घट्ट बांधणी नाही, आणि आपल्याच मरीन-पर्यायात तर कोणताही विषय चालतो. श्रेणीची ही भिंत मुख्यतः नौदल-पर्यायाच्या मुलांपुढे उभी आहे.

नौदलाला अभियंते का हवेत, हे मला समजते. १९५४ मध्ये नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी सेवेत दाखल झाली आणि ती घडवणाऱ्या ॲडमिरल रिकोव्हर यांनी अणुभट्टी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या शास्त्रीय तयारीविषयी किती कडक आग्रह धरला, हे जगजाहीर आहे. परंतु त्या तयारीची तजवीज आपण वेगळ्या मार्गाने आधीच केलेली आहे. नौदल-पर्यायाच्या प्रत्येक मिडशिपमनला, मग तो संस्कृत शिकत असो की संगीत, दोन सत्रे कॅल्क्युलस आणि दोन सत्रे कॅल्क्युलसवर आधारलेली भौतिकी उत्तीर्ण व्हावीच लागते. अणुशाखेसाठी अर्ज करायलाही मूळ अट या गणित-भौतिकीची आहे, अभियांत्रिकीच्या पदवीची नाही. युद्धनौकेवरचा अधिकारी किंवा वैमानिक होण्यासाठी तर कोणतीही पदवी चालते. माझ्या मुलीने हे चारही अभ्यासक्रम विषय बदलण्याचा अर्ज करण्याआधी पुरे केले होते. स्टॅटिक्स या अभियांत्रिकीच्या विषयातही ती नापास होत नव्हती, तिला ‘बी’ ग्रेड मिळाली होती. हे सांगण्याचे कारण असे की विषय बदलणाऱ्या मुलाकडे पाहणाऱ्याच्या मनात पहिला शब्द ‘झेपले नाही’ हाच येतो. तो माझ्याही मनात आला होता.

आता गाऱ्हाणी एकेक करून मांडते.

सर्वांत मोठे गाऱ्हाणे वेळेचे आहे. चार वर्षांची शिष्यवृत्ती घेतलेल्या मुलाला पहिल्या वर्षाअखेर काहीही देणे न लागता बाहेर पडता येते. दुसरे वर्ष सुरू झाले की बांधिलकी पक्की होते. आता अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम समोर ठेवून पाहावे. पहिल्या वर्षी असते कॅल्क्युलस, भौतिकी, रसायन, थोडे प्रोग्रॅमिंग आणि इंग्रजी निबंधलेखन. स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे ज्याला खरोखर यंत्र अभियांत्रिकी म्हणावे ते सगळे, दुसऱ्या वर्षी सुरू होते. याचा अर्थ असा की ज्या विषयाला मूल बांधले जाते, त्या विषयाचा पहिला तास भरण्याआधी त्याची मोकळी सुटका संपलेली असते. हे कोणी मुद्दाम केले आहे, असे मी म्हणत नाही. बहुधा पहिल्या वर्षाअखेरची ही रेषा सेवेचा विचार करून आखली गेली, विषयाचा विचार करून नव्हे. सेवेच्या दृष्टीने ती रास्तच आहे. पहिल्या उन्हाळ्यात आपण या मुलांना चार आठवडे फिरवून आणता आणि युद्धनौका, पाणबुडी, विमानदल, मरीन अशी चार अंगे आठवडा-आठवडा दाखवता. माझी मुलगी त्या फेरीवरून परतली ती नौदलात जायचेच, असे नक्की करून. म्हणजे नौदल कसे असते, हे बांधिलकीआधी दाखवण्याची काळजी आपण घेता. अभियांत्रिकी कशी असते, हे कोणी दाखवलेले नसते.

याला जोडूनच एक विसंगती आहे आणि ती मला अजून कोणी समजावून दिलेली नाही. मिडशिपमन पुढे युद्धनौकेवर जाणार, पाणबुडीवर की विमानात, हे नौदल शेवटच्या वर्षी ठरवते. संस्थेला माणूस ओळखायला तीन वर्षे लागतात, हे त्यामागचे शहाणपण मला मान्य आहे. मग १७ वर्षांच्या मुलाने बारावीच्या दिवाळीत एका यादीवर केलेली खूण चार वर्षे अढळ का मानायची?

ती खूण कशी होते, तेही सांगते, कारण त्यात माझा वाटा आहे. स्वयंपाकघरातले टेबल होते, एका बाजूला चकलीचा डबा उघडा होता आणि लॅपटॉपवर अर्जातील विषयांची यादी होती. मुलीने विचारले, “आई, हिस्टरी लिहू का?” ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचा मुलगा आधीच्या वर्षी निवडला गेला होता आणि त्याच्या वडिलांनी मला बजावले होते की तिसऱ्या श्रेणीत शिष्यवृत्ती मिळणे फार अवघड असते. मी म्हणाले, “इंजिनिअरिंग लिही, नंतर बघू.” आमच्या घरांत हे वाक्य नवे नाही. मी स्वतः केमिकल इंजिनिअर याच वाक्याने झाले. महाराष्ट्रात आमच्या वेळी पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून मिळत असे, त्यामुळे ‘नंतर बघू’ला तेथे थोडा अर्थ तरी होता. येथे तो नाही, हे मला कळायला हवे होते. परंतु ८५ टक्क्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक असताना ‘तुला काय शिकायचे आहे’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची अपेक्षा आपणही धरू नये. मुले नौदलाला जे हवे ते लिहितात. त्यातली काही मनापासून लिहितात आणि कोणती मनापासून लिहितात, हे आपल्याला दुसऱ्या वर्षापर्यंत कळण्याचा मार्ग नाही.

तिला इतिहास का हवा होता, हे दोन ओळींत सांगते. अलिबागला माझ्या माहेरच्या घरापासून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. लहानपणी दर सुट्टीत ती आजोबांबरोबर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चालत गेलेली आहे. पहिल्या वर्षी तिने हिंदी महासागराच्या इतिहासाचा एक ऐच्छिक अभ्यासक्रम घेतला आणि त्यात कान्होजी आंग्र्यांवर निबंध लिहिताना तिच्या लक्षात आले की आपण लहानपणी ज्या बुरुजावर उभे राहून भेळ खाल्ली, त्या बुरुजापुढच्या समुद्रात दस्तक, म्हणजे जहाजांचा परवाना, कोणाचे चालावे यावर इंग्रज आणि पोर्तुगीज आंग्र्यांशी वर्षानुवर्षे लढत होते. समुद्रावर सत्ता कशी टिकते, हा प्रश्न नौदलाच्या अधिकाऱ्याला परका आहे, असे आपणही म्हणणार नाही. (तिने ‘मेजर बदलायचा आहे’ असे फोनवर सांगितले, तेव्हा तिच्या आजोबांना वाटले की वरचा अधिकारी पसंत नाही. त्यांची समजूत घालायला अर्धा तास लागला.)

दुसरे गाऱ्हाणे कार्यपद्धतीचे आहे. अर्जाबरोबर तिने विनंतीपत्र, गुणपत्रक आणि उरलेल्या पाच सत्रांचा नवा आराखडा जोडला. त्या आराखड्यात ती ठरलेल्या वेळीच पदवीधर होते, हे दोन्ही विभागांच्या सह्यांनिशी दाखवलेले होते. नंतर पाच महिने काहीही घडले नाही. दरम्यान वसंत सत्राच्या नोंदणीची तारीख आली. उत्तर काय येईल हे ठाऊक नसल्याने तिने दोन्ही दगडांवर पाय ठेवला आणि थर्मोडायनॅमिक्सही घेतले व इतिहासाचे दोन अभ्यासक्रमही घेतले. एकूण २१ क्रेडिट झाले. पहाटेची कवायत होतीच. त्या सत्रात तिचे गुण घसरले. आता ते घसरलेले गुण शेवटच्या वर्षी शाखा निवडताना तिच्याविरुद्ध मोजले जातील आणि त्यांच्याशेजारी ‘उत्तराची वाट पाहत होते’ असे कोणी लिहिणार नाही.

उत्तर आले ते तोंडी. कारण दिले गेले नाही. श्रेणीची संख्या भरत नव्हती का, आराखड्यात दोष होता का, की तिच्या आधीच्या कोणाला मंजुरी मिळून गेली होती, यांपैकी काहीच कळले नाही. त्यामुळे पुढे अपील कशावर करायचे, हेही कळले नाही. अपील करता येते का, हे विचारल्यावर तीन जणांकडून तीन उत्तरे मिळाली. ज्या सेवेत तोफ डागण्याची आज्ञा दिली तरी ती पुन्हा उच्चारून आणि नोंदून घेतली जाते, त्या सेवेत एका मुलीच्या चार वर्षांचा निर्णय नोंदीशिवाय का असावा?

तिसरे गाऱ्हाणे पैशांचे आहे. ते थोडक्यात सांगते, पण आई-बापांनी ते नीट वाचावे. दुसरे वर्ष सुरू झाल्यानंतर मुलाने शिष्यवृत्ती सोडली, तर अधिकारी नव्हे, साधा खलाशी म्हणून सक्रिय सेवेत जाण्याची किंवा झालेला खर्च परत करण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते. आमच्या बाबतीत दीड वर्षाची फी सुमारे ९०,००० डॉलर होती. हे देणे म्हणजे शैक्षणिक कर्ज नव्हे. संघराज्य सरकारच्या विद्यार्थी-कर्जाला उत्पन्नानुसार हप्ते बांधून मिळतात, तशी सोय याला लागू नाही, आणि दिवाळे काढले तरी पहिली पाच वर्षे ते माफ होत नाही. पैसे जनतेचे आहेत आणि ते परत मागण्याचा आपला अधिकार मी नाकारत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की नौदल सोडून जाऊ पाहणारा आणि नौदलातच राहून दुसरा विषय शिकू पाहणारा, हे दोघे एकाच तागडीत तोलले जातात. माझी मुलगी पळत नव्हती. ती पाच वर्षांची सेवा द्यायला तयार होती आणि आजही आहे.

या सगळ्यावरून माझ्या मागण्या अशा आहेत.

ज्या मिडशिपमनने कॅल्क्युलस आणि भौतिकीच्या अटी पूर्ण केल्या आहेत, जो ठरलेल्या वेळी पदवीधर होईल असा आराखडा देतो आणि ज्याचे गुण व वर्तन चांगले आहे, त्याला दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत एकदा, एकदाच, श्रेणी ओलांडून विषय बदलण्याची मुभा द्यावी. त्यामुळे नौदलाला जादा सत्राचा एक पैसाही पडणार नाही आणि सेवेची बांधिलकी जशीच्या तशी राहील. अशा बदलांवर वर्षाला काही मर्यादा घालायची असेल तर अवश्य घालावी, परंतु ती आधी जाहीर करावी.

अर्जाला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नकार असेल तर कारण लिहावे. नोंदणीच्या तारखेपर्यंत उत्तर देणे जमत नसेल, तर त्या सत्राच्या गुणांची दखल घेताना अर्ज प्रलंबित होता, ही नोंद विद्यार्थ्याच्या कागदपत्रांत असावी.

नकारावर एक अपील असावे आणि ते मूळ निर्णय देणाऱ्या कार्यालयाबाहेर ऐकले जावे.

श्रेणी बदलण्याचे किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, हा आकडा दरवर्षी जाहीर करावा. नावे नकोत, आकडा पुरे. बारावीच्या मुलाला तो आकडा दिसला, तर ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या आईला उत्तर देणे त्याला सोपे जाईल.

आणि करारावर सही घेताना एक पान वेगळे द्यावे, ज्यावर साध्या भाषेत एवढेच लिहिलेले असेल : विषय बदलायचा झाला तर काय करावे लागते, कोणत्या तारखेनंतर काय बदलते आणि नकार आल्यास कोणते पर्याय राहतात. मी ज्या करारावर सही केली, त्यात हे सगळे असेलही. ऑगस्टच्या त्या दुपारी विद्यापीठाच्या सभागृहात रांग लागलेली होती, मुलीला अजून १८ पूर्ण व्हायचे होते म्हणून माझीही सही लागत होती, आणि एक हसतमुख अधिकारी प्रत्येक पानावर पिवळी चिठ्ठी लावून कोठे आद्याक्षरे करायची ते दाखवत होता. मी पिवळ्या चिठ्ठ्या पाहिल्या, मजकूर पाहिला नाही. ही चूक माझी आहे. परंतु त्या रांगेत माझ्या पुढे आणि मागे उभ्या असलेल्या आई-बापांनीही तेच केले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत अमेरिकी संसदेतील (काँग्रेसमधील) आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींच्या कार्यालयात आणि प्रतिनिधिगृह व सिनेट यांच्या सशस्त्र सेवा समित्यांकडेही पाठवली आहे. मुलीच्या तुकडीला यावरून काहीही विचारू नये, तेथे कोणाची चूक नाही. उत्तर मला पाठवावे. ते लेखी असावे.

आपली,
एका मिडशिपमनची आई
एडिसन, न्यू जर्सी